पाहण्यासारखा गोठा

हौदातलं पाणी जांभळं होतं. सकाळी होतं तितकंच जांभळं. मध्यभागी गडद, आणि काठाशी, जिथे ते जेमतेम बोटभर खोल होतं, तिथे गुलाबीकडे झुकणारं. डॉक्टर हौदावर वाकून बराच वेळ ते बघत राहिली.

पाणी तिनेच सकाळी कालवलं होतं. पोटॅशियम परमँगनेटची गंमत अशी, की ते कामाला लागलं की रंग सोडतं. शेण, माती, चिखल, काहीही त्यात पडलं की जांभळ्याचं तपकिरी होत जातं, आणि पुरतं तपकिरी झालं की समजायचं, यात आता दम उरला नाही, नवं कालवा. याहून जालीम जंतुनाशकं बाजारात होती, पण नुसत्या रंगावरून कोणालाही कळावं म्हणून तिने गोठ्याच्या तोंडाशी हेच ठेवलं होतं. आज दुपारपर्यंत या हौदावरून बसभर माणसं आत गेली होती. पाणी एव्हाना चहासारखं दिसायला हवं होतं.

अर्थ एकच निघत होता. हौदात एकही पाय पडला नव्हता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. हौदावर फळी होती. चांगली रंधा मारलेली, रुंद, दोन्ही बाजूंना धरायला दोर बांधलेली. एका पाहुण्याच्या बुटांना जांभळे डाग पडले तेव्हा दादाने ती करवून घेतली होती. शिवाय फळीवर उभं राहिलं की हौद वरून नीट दिसतो आणि फोटोही चांगला येतो. तेव्हा पाहुणे फळीवरून चालत, मध्यावर थांबत, खाली बघून "काय काळजी घेतात हो" म्हणत आणि पलीकडे उतरत.

डॉक्टरने स्वतःच्या गमबुटांकडे पाहिलं. तेही कोरडे होते.

गोठा दादाचा, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. काही वर्षांपूर्वी या गोठ्यात वासरं टिकत नव्हती. जन्मायची, चार दिवस उड्या मारायची, मग हगवण लागून डोळे खोल जायचे आणि एक दिवस मान टाकायची. दादा दर वेळी औषध बदलायचा. या दुकानदाराने सांगितलं म्हणून हे, त्या दुकानदाराने सांगितलं म्हणून ते. कपाट बाटल्यांनी भरलं होतं आणि वासरांचे कप्पे रिकामे होत होते. डॉक्टर तेव्हा नुकतीच शिकून आली होती. तिने कपाटाला हात लावला नाही. नियम केले. वासरू जन्मल्याबरोबर त्याला पोटभर चीक पाजायचा. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, भांडं वेगळं. आधी वासरांचं काम, मग मोठ्या जनावरांचं, कधीही उलट नाही. लशी वेळच्या वेळी. आणि बाहेरचा माणूस, मग तो व्यापारी असो, शेजारी असो की मेहुणा असो, फाटकाच्या आत येणार नाही. मेहुणा तिने मुद्दाम घातला होता. वहिनीचा भाऊ जनावरांची दलाली करायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत गावोगावचे गोठे पालथे घालून यायचा.

वासरं जगली. इतक्या साध्या गोष्टींनी जगली, की लोकांना खरं वाटेना. म्हणून ते बघायला येऊ लागले.

बाहेरच्यांना आत न सोडणारा गोठा अशी कीर्ती झाली आणि ती कीर्ती बघायला बाहेरचे आत येऊ लागले. यातली विसंगती कोणाच्या ध्यानात आली नाही, असं नाही. डॉक्टरच्या आली होती. पण पहिल्यांदा आले ते दोघंतिघंच होते, स्वच्छ होते, आणि त्यांनी फार चांगले प्रश्न विचारले.

मग दादाने मनावर घेतलं. दादाने एखादी गोष्ट मनावर घेतली की त्याला आवरणं कठीण. फाटकावर "बाहेरील व्यक्तींना सक्त मनाई" असा मोठा फलक लागला आणि त्याच्याखाली उभं राहून पाहुण्यांचे गट फोटो काढू लागले. फाटकावरचे पहारेकरी मामा खाद्याच्या ट्रकवाल्याला खाली उतरू देत नसत, पोती बाहेरच टाकून जायला लावत. पण बस दिसली की फाटक सताड उघडून सलाम ठोकत. "पाहुणे म्हणजे बाहेरचे थोडेच," असं त्यांचं म्हणणं होतं. भेट देणारे सगळे पशुपालकच असत. सकाळी आपापल्या गोठ्यातलं काम उरकून, तेच बूट घालून, रोग कसा टाळावा ते शिकायला येत.

भेटीत सगळ्यात गाजायचं ते औषधांचं कपाट. ते रिकामं असे. डॉक्टर बोलता बोलता त्याच्याशी जाई, दोन्ही दारं एकदम उघडत असे आणि म्हणे, "हे आमचं औषधांचं कपाट." आतल्या कोऱ्या फळ्या बघून आधी शांतता पसरायची, मग हसू, मग टाळ्या. कपाट पूर्वी खरोखरच रिकामं झालं होतं. नंतर नंतर गोठ्यात लागणाऱ्या चार बाटल्या भेटीच्या दिवशी वहिनीच्या स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. ही व्यवस्था दादाची होती. दारं मात्र डॉक्टर उघडत होती, आणि उघडताना तिला बरं वाटायचं. दिवसभर गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या बाईला टाळ्या सहसा मिळत नाहीत.

ती सवयीने फळीवर चढली, थबकली, मग उतरून मुद्दाम हौदातून चालत आत गेली. बुटांभोवती पाणी लगेच गढुळलं. काम करायची त्याची तयारी होती, एवढं सिद्ध झालं.

वासरांच्या शेडमध्ये वहिनी गवताच्या भाऱ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर ठिपकीचं डोकं होतं. ठिपकी ही वहिनीची लाडकी कालवड. तिची आई वहिनीच्या हातचं सोडून कोणाच्या हातचं खात नसे, आणि लेकीनेही तोच हट्ट उचलला होता.

"आलात का वन्सं? बघा हिला. सकाळपासून उठलेली नाही."

"दूध?"

"तोंड लावलं आणि सोडलं. मागून नुसतं पाणी चाललंय."

डॉक्टरने ठिपकीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी लगेच खाली बसायला हवी होती. ती तशीच उभी राहिली, आणि मग नाइलाज झाल्यासारखी हळूहळू खाली आली. अंगातलं पाणी बरंच गेलं होतं.

"सलाईन कुठंय?"

"मिठाच्या बरणीमागे."

"वहिनी, औषध हाताशी हवं."

"मला सांगताय? आज कपाट रिकामं दाखवायचं होतं ना. हे म्हणाले, पाहुणे जाईपर्यंत थांब. मी थांबले. हगवण थांबली नाही."

वहिनी उठून बाटली घेऊन आली. डॉक्टरने ठिपकीच्या मानेतली शीर शोधली, सुई लावली आणि बाटली वरच्या दोरीला अडकवली. अडकवताना तिचं लक्ष दोरीकडे गेलं.

दोरीवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या वाळत होत्या. पाहुण्यांनी बुटांवर चढवायच्या, तोंडाला रबर असलेल्या पातळ पिशव्या. दोरीभर होत्या, वाऱ्यावर फडफडत होत्या. शेजारच्या कप्प्यातल्या पांढऱ्या कपाळाच्या गोऱ्ह्याने कठड्यावरून मान काढून त्यांतली एक तोंडात धरली होती आणि डोळे मिटून, आईला पितात तशी, तो ती चोखत होता.

"वहिनी, हे काय आहे?"

"त्याला खोडच आहे ती. काही लोंबताना दिसलं की लागला प्यायला."

"वासराचं नाही विचारत. या पिशव्या. या एकदा वापरून फेकायच्या असतात."

"फेकायच्या?" वहिनीने असं विचारलं, की जणू कोणी तिला चांगली पातेली फेकायला सांगत होतं. "एवढ्या धडधाकट? खोकं आणलं होतं ते केव्हाच संपलं. मी साबणाने धुते, उलट्या करून वाळत घालते. आतून ओल राहत नाही मग. इथं वारा चांगला येतो."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी ज्याला जी मिळेल ती. कोणी सुलटी घालतं, कोणी उलटी. पिशवीला काय समोर-मागे असतं?"

डॉक्टरने डोळ्यांपुढे एक बूट आणला. दुसऱ्या कुठल्या तरी गोठ्यात सकाळी शेणातून फिरलेला बूट. तो निळ्या पिशवीत जातो. आतल्या बाजूला जे काय लागायचं ते लागतं. ती आतली बाजू मग बाहेर येते, वरवर धुतली जाते, आणि वासरांच्या तोंडासमोर टांगली जाते. गोठ्याला बाहेरच्या रोगापासून वाचवायला आणलेली वस्तू बाहेरचा रोग घरपोच आणत होती, आणि तोही अगदी नेमका, सगळ्यात कोवळ्या तोंडाशी. तिने स्वतः ठरवून एखादी योजना आखली असती तरी इतकी बिनचूक साधली नसती.

"हे असं वाळवायचं तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कोणी. नको असंही कोणी म्हणालं नाही." वहिनी ठिपकीच्या कानामागे खाजवत होती. "तुम्ही रोज या दोरीखालून वाकून जाता वन्सं. मला वाटलं, बघितलं असेल."

डॉक्टर रोज वाकून जात होती, हे खरं होतं. तिने पांढऱ्या कपाळवाल्याच्या तोंडातून पिशवी ओढून काढली. तो रागाने ओरडला.

"मागच्या भेटीनंतरही एकाला लागलं होतं," वहिनी म्हणाली. "त्याच्या आधीच्या भेटीनंतर दोघांना. मी काही डॉक्टर नाही. पण गाडी आली की मागोमाग हगवण, हे माझ्यासारखीलाही कळतं. तुम्हाला कळत नव्हतं?"

"शंका होती."

"मग?"

"दादाशी बोलते."

"कधी?"

"आधी शेणाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू. नुसत्या अंदाजावर भेटी बंद करा म्हणणं बरं नाही. तोवर या पिशव्या जाळून टाक."

वहिनी दोरीवरून पिशव्या उतरवू लागली. अंदाज आणि खात्री यांतलं अंतर शास्त्राने आखून दिलेलं असतं. त्या अंतरात माणसाला किती दिवस निवांत राहता येतं, हे मात्र शास्त्राने सांगितलेलं नाही.

दादा त्याच्या ऑफिसात होता. खोलीच्या तीन भिंतींवर गटांचे फोटो होते, सगळे त्या एकाच फलकाखाली काढलेले. तो बहिणीला पाहुण्यांसमोर "आमच्या डॉक्टर" म्हणायचा आणि एरवी "ठमे".

"ठमे, ये, बस. तुला बातमी द्यायची होती."

"मलाही बोलायचं होतं."

"तू बोल आधी."

"नाही, तू सांग."

"पशुरोग परिषदेची मंडळी येणार आहेत. सगळी मोठी मोठी माणसं. आणि त्यांना घेऊन कोण येतंय, सांग बघू. तुझे सर."

डॉक्टर खुर्चीत बसली.

सर म्हणजे कॉलेजातले तिचे प्राध्यापक. पहिल्याच वर्षी, भर वर्गात, तिच्याकडे बघून ते म्हणाले होते, "मुलींनी कुत्री-मांजरं बघावीत. गाई-म्हशींपुढे ताकद लागते." वाईट हेतूने म्हणाले नव्हते, काळजीने म्हणाले होते, आणि म्हणूनच ते आजवर तिच्या अंगात काट्यासारखं राहिलं होतं. त्या सरांसमोर कपाटाची दारं उघडायची, हे चित्र तिने कितीदा मनात रंगवलं होतं. दादाला ते माहीत होतं.

"त्यांनी स्वतःहून विचारलं," दादा म्हणाला. "म्हणाले, तो गोठा आणि ती मुलगी, दोन्ही बघायचंय. बघ, अजून तुला मुलगीच म्हणतात. हां, तू काय सांगत होतीस?"

"ठिपकीला बरं नाही."

"सलाईन लावलंस ना? मग झालं. तुझ्या हातात आहे म्हणजे मला घोर नाही."

"दादा, भेटींचं जरा…"

"जरा काय?"

"फळी काढायला हवी हौदावरची."

"काढू की. सर येऊन गेले की काढू. आत्ताच तिच्यावर रंग दिलाय."

ती उठली. सांगायचं ते जिभेवर येऊन परत गेलं होतं, आणि फळीबद्दल तरी बोलले, असं स्वतःशी म्हणत ती पायऱ्या उतरली.

नमुना गेला. काही दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"डॉक्टर, तुमच्या नमुन्यात सालमोनेला वाढलाय. पण आम्ही तो निकाल धरत नाही आहोत."

"का?"

"अहो, तुमचा गोठा. तिथे हा हगवणीचा जंतू कुठून येणार? आमच्याकडेच कुठेतरी अदलाबदल झाली असणार. मी आमच्या मुलांना चांगलं झापलं. तुम्ही दुसरा नमुना पाठवता का?"

डॉक्टरने "हो" म्हटलं. म्हणताना तिला आपल्या आवाजातलं समाधान ऐकू आलं आणि ते तिला आवडलं नाही. तरी तिने दुसरा नमुना पाठवला. गोठ्याचं नाव इतकं झालं होतं, की रोगालाही आता तिथे येऊन आपलं येणं पटवून द्यावं लागत होतं.

दुसरा निकाल यायच्या आधी पांढऱ्या कपाळवाला गेला. त्याला लागलं ते एकदम जोरात लागलं. प्रयोगशाळेने न धरलेल्या त्या निकालातच तो जंतू ज्या औषधाला दाद देतो असं लिहिलं होतं, ते डॉक्टरने मोजून दिलं, सलाईन दिलं, पोटात क्षारांचं पाणी घातलं. वहिनीने त्याला पोत्यात गुंडाळून ऊब दिली. दुपारी त्याने पाय ताणले आणि संपला. दादाने खोल खड्डा खणून, चुना टाकून त्याला पुरलं. नियमाप्रमाणे, एकही पायरी न चुकवता. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. दादाचं वासरांवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू शकलं नसतं.

"पाहुण्यांनी विचारलं तर विकला म्हणू," तो नाक पुसत म्हणाला.

"आणि कप्पा?" वहिनीने विचारलं. "रिकामा दिसेल."

दादाने थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यात डॉक्टरच्या नियमांचा फलक उभा राहिला, मोठ्या अक्षरांत, चौकट करून. शेवटचा नियम होता, बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही.

डॉक्टरने तो फलक बघितला. वहिनी ठिपकीला बाटलीने पाणी पाजत होती. ठिपकी आता उठून उभी राहत होती, पण पाय लटपटत होते. कधी दोन घोट घ्यायची, कधी तोंड फिरवायची. ती इकडची की तिकडची, हे अजून ठरलेलं नव्हतं.

"उद्या येणार ना ते?" वहिनीने विचारलं.

"उद्या."

"हिच्याजवळून नेणार त्यांना?"

"लांबून नेईन."

"वन्सं, मी तुम्हाला एक विचारू? रागावू नका. तुमच्या दादांना भेटी हव्यात, ते मला कळतं. त्यांना माणसं लागतात. तुमचं घोडं कुठे पेंड खातंय?"

डॉक्टर रागावली नाही. तिला खरं उत्तर माहीत होतं आणि ते इतकं क्षुल्लक होतं, की मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं.

"उद्याचं होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "मग बंद करू."

"बरं," वहिनी म्हणाली. "ठिपकीला सांगते, उद्यापर्यंत दम धर."

सकाळी तिने पाणी कालवलं. दुसऱ्या निकालाबद्दल प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा तिच्या हातात अजून ढवळायची काठी होती. "डॉक्टर, तोच निघाला," बाई म्हणाल्या. आवाजात दिलगिरी होती, एखाद्या चांगल्या घरच्या मुलाबद्दल काही वाईट कळल्यावर असते तशी. "आता काय करायचं हो?"

"बघते," डॉक्टर म्हणाली आणि फोन ठेवला. आता अंदाज आणि खात्री यांच्यात काहीच जागा उरली नव्हती.

बस आली. मामांनी सलाम ठोकला. मंडळी उतरली, फलकाखाली उभी राहिली, फोटो झाला. सर पिकले होते, हातात काठी आली होती, पण आवाज वर्गातलाच होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"ही बघा माझी विद्यार्थिनी," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मी हिला म्हटलं होतं, गाईंच्या वाटेला जाऊ नकोस. बरं झालं, ऐकलं नाहीस."

हेच ऐकायला ती थांबली होती. ते ऐकून झालं. ऐकायला एवढासाच वेळ लागला, आणि मग समोर फळी होती, हौद होता, आणि दादा नव्या कोऱ्या निळ्या पिशव्या वाटत होता. परिषदेसाठी त्याने नवं खोकं आणलं होतं. एका गृहस्थांच्या बुटाच्या टाचेला सुकलेलं शेण होतं. पिशवी चढवताना त्याचा तुकडा फळीवर पडला. त्यांनी सभ्यपणे तो बोटाने उचलून बाजूला टाकला आणि हात पॅन्टला पुसले. ही माणसं आत जातील, डॉक्टरच्या मनात आलं, आणि संध्याकाळी परत आपापल्या गोठ्यांत जातील. येताना काय आणतात त्याचा ती इतके दिवस विचार करत होती. जाताना काय नेतील, याचा तिने केलाच नव्हता. बाहेर पडायच्या वाटेवर हौदही नव्हता.

"या, सर, फळीवरून या, दोर धरा," दादा म्हणाला.

"थांबा," डॉक्टर म्हणाली. "आत आजार आहे."

मंडळी थांबली. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग दादा हसला. एका क्षणाचाच उशीर झाला, पण हसला.

"आमच्या डॉक्टरांची ही पद्धत आहे. आधी परीक्षा घेतात पाहुण्यांची."

"वा," मागून कोणी म्हणालं. "सराव दाखवणार वाटतं." दोघांनी फोन काढून चित्रण सुरू केलं.

"सराव नाही," ती म्हणाली. "वासरांना सालमोनेला झालाय. एक गेलं."

"अगदी खरं वाटतंय," ते टाचेला शेण असलेले गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि एकाने वाजवल्या म्हणून इतरांनीही वाजवल्या. आजवर तिने इथे जे जे सांगितलं त्यावर टाळ्याच पडल्या होत्या. लोकांची तरी काय चूक.

सरांनी काठी टेकली आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते रंगात आले होते. तोंडी परीक्षा हा त्यांचा आवडता भाग.

"ठीक आहे," ते म्हणाले. "समजा, तुमच्या गोठ्यात असा आजार आहे. आणि समजा, दारात एवढे पाहुणे उभे आहेत, त्यात मीही आहे. आता तुम्ही काय कराल, डॉक्टर?"

पलीकडे वासरांच्या शेडच्या दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. बाह्या वर सारलेल्या, हातात रिकामी बाटली. तिच्या गुडघ्याला टेकून ठिपकी उभी होती, चारही पाय फाकवून, पडू नये म्हणून.

दादा बहिणीच्या अगदी जवळ आला.

"ठमे," तो कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "आजचं होऊन जाऊ दे. मग तू म्हणशील तसं."

हे वाक्य तिला ओळखीचं वाटलं. तिचंच होतं.

ती फळीवर चढली नाही. तिने फळीचं एक टोक धरलं, उचललं आणि फळी बाजूच्या गवतात टाकून दिली. बऱ्यापैकी जड होती, पण ताकद लागते ती तिच्या हातात होती. मग ती हौदात उतरली. घोट्याभोवती जांभळं पाणी हललं, आणि तिच्या बुटांपासून सुरू होऊन तपकिरी रंग पसरू लागला.

"समजा नको, सर," ती म्हणाली. "तुम्ही सगळे इथूनच परत जा, आणि जाताना बूट या पाण्यात बुडवा. दादा, फाटक लाव. आजपासून हा गोठा बघायला कोणी येणार नाही."